भूत कसलं, कानाखाली वाजवली!

गेल्या पावसाळ्यात आईला एका मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपटाला घेऊन गेलो. आईचं वय ७८, दोन्ही कानांत श्रवणयंत्रं. आडवारचा दुपारचा खेळ, त्यामुळे हॉलमध्ये निम्म्याहून जास्त बायका तिच्याच वयाच्या. पर्समधल्या नारळाच्या वड्या दारावरच्या पोरीनं कशा पकडल्या याची चर्चा रंगली होती. जाहिराती संपल्या आणि एका भयपटाचा ट्रेलर लागला. पडका वाडा, लांबच लांब माजघर, पाठमोरी बसलेली एक मुलगी. आवाज विरत विरत गेला आणि मग काहीच ऐकू येईना. आई माझ्याकडे वाकून म्हणाली, "सेल उतरला वाटतं रे," आणि तिनं कानामागचं बटण दाबून यंत्राचा आवाज चांगला वाढवला.

पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल.

तिनं दोन्ही यंत्रं उपटून मांडीवर टाकली. त्यातलं एक घरंगळत सीटखाली गेलं. मोबाइलच्या उजेडात ते हाताला लागेपर्यंत मूळ चित्रपटाची पहिली दहा मिनिटं निघून गेली होती. मध्यंतरात मी विचारलं, फार घाबरलीस का? तर म्हणाली, "घाबरायला भूत दिसायला तरी हवं. भूत कसलं, कानाखाली वाजवली त्यानं."

मी भयपटांचं जुनं गिऱ्हाईक आहे. रामसे बंधूंचे चित्रपट व्हिडिओ कॅसेट भाड्यानं आणून, चाळीतल्या दहा-बारा पोरांच्या गर्दीत पाहिले आहेत. त्यामुळे हे सगळं बंद करा, असा ओरडा करणाऱ्यांत मी नाही. पण आईच्या त्या वाक्यानं माझ्या मनातली एक जुनी खदखद नेमकी पकडली. हल्ली भयपटाचे ट्रेलर घाबरवत नाहीत, दचकवतात. आणि दचकवणं ही कला तर सोडाच, एका अर्थानं समोरच्याच्या अंगाला न विचारता हात लावणं आहे.

मराठीत या दोन गोष्टींना दोन शब्द आहेत ते उगीच नव्हे. तान्हं बाळ पाळण्यात दचकतं, मांजर दचकतं, डुलकी लागलेला माणूस स्टेशन आल्यावर दचकतो. त्यासाठी काही ठाऊक असावं लागत नाही. अचानक मोठा आवाज झाला की पापण्या मिटतात, मान आत जाते, खांदे वर येतात; सेकंदाच्या काही शतांश भागांत, मेंदूच्या तळाशी असलेल्या यंत्रणेतून हे उरकलेलं असतं. काय वाजलं हे आपल्याला त्यानंतर कळतं. भिण्याचं तसं नाही. त्याला आधी काहीतरी कानावर आलेलं असावं लागतं: त्या विहिरीवर तिन्हीसांजेला जाऊ नये, त्या पिंपळावर मुंजा आहे, वरच्या मजल्यावरची ती खोली कधी कुणी भाड्यानं घेत नाही. भीतीत आपला सहभाग असतो. निम्मं काम आपणच करतो.

ट्रेलर कापणाऱ्यांना हा फरक नीट ठाऊक आहे. मुंबईत ही कामं अंधेरी-ओशिवरा पट्ट्यातल्या एडिट रूममध्ये चालतात आणि त्यांची परिभाषा पूर्णपणे आवाजाची आहे. खाली सतत घुमणारा सूर म्हणजे ड्रोन, वर वर चढत जाणारा तो रायझर, शेवटी आदळणारा तो हिट किंवा स्टिंगर. पाण्यानं भरलेला स्टीलचा वाडगा आणि त्याला कडेनं लावलेल्या धातूच्या काड्या, असं वॉटरफोन नावाचं एक वाद्य आहे. काड्यांवरून गज फिरवला की कुणीतरी पाण्याखालून कण्हतंय असं वाटतं. हा आवाज तुम्ही शंभर वेळा ऐकला असेल, वाद्य एकदाही पाहिलं नसेल. किंकाळीचंही शास्त्र आहे. मार्मट या खारीच्या कुळातल्या प्राण्यांच्या पिल्लांचं ओरडणं अभ्यासणारे डॅनिएल ब्लुमस्टाइन यांनी २०१० मध्ये सहकाऱ्यांबरोबर चित्रपटांचे ध्वनिपट तपासले, तेव्हा भयपटांत तशीच फाटलेली, सुरातून सुटलेली किंकाळी जास्त आढळली. जिवावर बेतलेल्या पिल्लाचा आवाज आणि पडद्यावरचा आवाज यांचं नातं इतकं जवळचं आहे.

रचना तर पाठ व्हावी इतकी ठरलेली. घाटातून जाणारी गाडी, नवं घर, हसरं कुटुंब. एखादी अंगाई किंवा जुनं गाणं, पण वेग निम्म्यावर आणलेला. दारावर तीन टकटका. चौथी येत नाही. पडदा काळा, पुन्हा उजेड, पुन्हा काळा. कपाटामागे काहीतरी हललं, तर निघतो घरातलाच कुत्रा. आपण श्वास सोडतो, आणि सोडलेला श्वास परत घ्यायच्या आत तो धक्का येतो. मग चित्रपटाचं नाव. संपलं म्हणून आपण पॉपकॉर्नकडे हात नेतो, तेवढ्यात नावानंतरचा आणखी एक धक्का. आधी मन ताणलेलं असेल तर दचका अधिक जोरात बसतो, हे मानसशास्त्राच्या प्रयोगशाळांत फार पूर्वीच सिद्ध झालं आहे. ट्रेलरची पहिली दीड मिनिटं त्या ताणासाठीच खर्ची पडतात. म्हणजे वातावरणनिर्मिती म्हणून ज्याचं कौतुक होतं, ती बहुतेक वेळा बंदुकीचा घोडा मागे ओढण्याची क्रिया असते.

यातली शांतता मला जास्त विचार करायला लावते. अमेरिकेत ट्रेलरच्या आवाजासाठी ट्रेलर ऑडिओ स्टँडर्ड्स असोसिएशनची ८५ डेसिबलची मर्यादा आहे. पण ती मोजतात सरासरीनं, अख्ख्या ट्रेलरचा आवाज एकत्र धरून. त्यामुळे मधल्या शांततेच्या प्रत्येक सेकंदागणिक पुढच्या धमाक्याला थोडी जास्त जागा मिळते. शांतता अशी साठवून ठेवायची आणि एका झटक्यात उधळायची. सरासरीचा फसवेपणा मुंबईकराला वेगळा सांगायला नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, कुलाब्याला जेमतेम ७३. दोन्हींची सरासरी काढली तर आकडा काहीतरी निघतो, पण मिठी नदीकाठच्या माणसाला त्या आकड्याचा काय उपयोग? आईच्या कानालाही सरासरी ऐकू आली नव्हती.

बरं, आपण आवाज न मोजणारे लोक आहोत असंही नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०, हे आकडे मुंबईत वर्तमानपत्र वाचणाऱ्या कुणालाही तोंडपाठ असतील. गणपतीत आवाज फाउंडेशन या संस्थेची मोजणी छापून येते, ढोल आणि डीजेवरून दरवर्षी भांडणं होतात. रस्त्यावरचा आवाज हा सार्वजनिक प्रश्न आहे हे या शहरानं मान्य केलं आहे. तीनशे माणसं काळोखात, दारं लोटून, चहूबाजूंनी स्पीकर लावलेल्या खोलीत बसली की मात्र तो प्रश्न एकदम खासगी होतो. का? तर तुम्ही तिकीट काढून आत आलात.

इथे एक निकाल आठवतो. २०१६ च्या ‘फॅन’ या चित्रपटाच्या प्रोमोमधलं गाणं प्रत्यक्ष चित्रपटात नव्हतं, म्हणून औरंगाबादच्या एका शिक्षिकेनं ग्राहक मंचाकडे तक्रार केली होती. राज्य आयोगानं त्यांना १०,००० रुपये भरपाई आणि ५,००० रुपये खर्च मंजूर केला, राष्ट्रीय आयोगानं तो निकाल कायम ठेवला. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२४ मध्ये तो फिरवला. ट्रेलर म्हणजे करार नव्हे, वचनही नव्हे. प्रेक्षकानं तिकीट काढावं, त्या चित्रपटाची चर्चा व्हावी यासाठी केलेली ती प्रसिद्धी आहे, असं न्यायालयाचं म्हणणं. मला ते पटतं. ट्रेलरमधलं प्रत्येक दृश्य चित्रपटात असलंच पाहिजे असा आग्रह धरला तर कुणी ट्रेलर कापूच शकणार नाही. पण मग त्याच तर्कानं थोडं पुढे जाऊ या. ट्रेलर हा मी विकत घेतलेल्या वस्तूचा भाग नसेल, तर त्यातली किंकाळीही मी विकत घेतलेली नाही. भयपटाचं तिकीट काढणारा माणूस "घाबरव मला" असं सांगूनच आत शिरतो. कौटुंबिक चित्रपटाचं तिकीट काढणाऱ्यानं असं काहीही म्हटलेलं नसतं. एकाच्या खिशातल्या परवानगीवर दुसऱ्याला दचकवायचं, हे कुठल्या हिशेबात बसतं?

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, "आपण नाही का आजी-आजोबांकडून भुताच्या गोष्टी ऐकल्या? काय बिघडलं आपलं?" काहीच नाही बिघडलं. उलट मी तर म्हणतो फार चांगलं झालं. पण त्या गोष्टी सांगितल्या कशा जायच्या ते आठवा. आमच्या चाळीत गिरणीतून निवृत्त झालेले एक आजोबा होते. दिवे गेले की आम्ही जिन्यावर त्यांच्याभोवती गोळा व्हायचो. हडळ, गिरा, चकवा, सगळी मंडळी त्यांच्या ओळखीची. बरोबर मोक्याच्या जागी ते बिडी पेटवायला थांबायचे आणि काडीच्या उजेडात आमची तोंडं न्याहाळायचे. सगळ्यात लहान पोराच्या ओठाला कंप सुटलाय असं दिसलं की चकवा लगेच रस्ता चुकायचा, धोतरात पाय अडकून पडायचा, आणि गोष्ट हसण्यावर जायची. आम्ही मोठी पोरं त्या लहानग्यावर चिडायचो. आज वाटतं, त्या माणसाएवढा चोख सेन्सॉर मी दुसरा पाहिला नाही. ट्रेलरला समोरची तोंडं दिसत नाहीत. समोर आठ वर्षांचं मूल आहे, हृदयविकाराचा माणूस आहे की पोटुशी बाई, त्याला घेणं नाही.

खऱ्या सेन्सॉरचं म्हणजे चित्रपट प्रमाणन मंडळाचं मुख्य कार्यालय मुंबईतच आहे. थिएटरात लागणाऱ्या ट्रेलरलाही त्यांचं वेगळं प्रमाणपत्र लागतं. २०२३ च्या कायदादुरुस्तीनं ‘यूए’चे, म्हणजे मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहायच्या गटाचे, तीन भाग झाले: ७ वर्षांवरील, १३ वर्षांवरील आणि १६ वर्षांवरील. शहाणपणाची सुधारणा आहे ती. पण मंडळ ज्या चौकटीत काम करतं ती १९९१ ची मार्गदर्शक तत्त्वं वाचा. हिंसा, क्रौर्य आणि भय यांची अनावश्यक, टाळता येण्याजोगी दृश्यं दाखवू नयेत, असं त्यांत आहे. भर दृश्यांवर. रक्त किती, सुरा कितीदा, मुडदा किती वेळ, हे सगळं डोळ्यांचं ऑडिट. आणि धक्का तर येतो कानातून. पडद्यावर रक्ताचा थेंब नाही, प्रेत नाही, फक्त पाठमोरी मुलगी मान वळवते, यात कात्री लावायची कुठे? प्रमाणपत्रावर वयोगट असतो, लांबी असते. आवाज किती वेगानं किती चढतो याचा एक शब्द नसतो. माझ्या आईला ज्यानं हादरवलं तो ट्रेलर चित्र म्हणून अगदी सोज्वळ होता.

(अंधश्रद्धेचा मुद्दा मी मुद्दाम यात आणत नाही. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, आणि भयपटांमुळे भुताखेतांवरचा विश्वास वाढतो अशी टीका अधूनमधून होते. भुताला घाबरण्यात मला अंधश्रद्धा दिसत नाही. भूत उतरवायचे पैसे घेणाऱ्याकडे जाण्यात दिसते. ते भांडण वेगळं आहे.)

दचका हा सोपा मार्ग आहे म्हणून तो निवडला जातो. दुसरे मार्ग नाहीत असं मुळीच नाही. १९६० च्या ‘सायको’चा ट्रेलर सहा मिनिटांहून मोठा आहे आणि त्यात दिग्दर्शक हिचकॉक स्वतः एखादा फ्लॅट दाखवणाऱ्या इस्टेट एजंटसारखा आपल्याला सेटवरून फिरवतो. इथे जिना आहे, इथे असं असं घडलं, जाऊ दे, नको सांगायला. वाक्य अर्धं सोडतो, तोंड वाईट करतो, पुढच्या खोलीत जातो. शेवटी न्हाणीघराचा पडदा ओढतो आणि किंकाळी. गंमत म्हणजे किंचाळणारी नटी चित्रपटातल्या त्या प्रसंगातली नव्हेच, दुसरीच आहे. खून त्यानं चित्रपटासाठी राखून ठेवला. १९७९ च्या ‘एलियन’च्या ट्रेलरमध्ये एकही संवाद नाही. त्यातला आवाज कर्कश आहे हे कबूल, पण तो पायरी पायरीनं चढत जातो, झडप घालत नाही. नको वाटलं तर कानावर हात ठेवायला वेळ मिळतो. मला तो फरक मोठा वाटतो.

आणि आपल्या घरचं उदाहरण ‘तुंबाड’. राही अनिल बर्वे यांचा हा हावेवरचा भयपट २०१८ मध्ये आला. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा थिएटरांत लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमाई करून गेला. यातले कित्येक प्रेक्षक तो आधी मोबाइलवर, टीव्हीवर पाहून आलेले. गर्भात काय आहे, कोण येणार, कधी येणार, सगळं माहीत. तरी पैसे मोजून पावसाळी काळोखात पुन्हा जाऊन बसले. दचक्याच्या जोरावर हे जमलं असतं का? दचका वारंवार दिला की अंग त्याला सरावतं, हा शरीराचा नियमच आहे. म्हणून तर पुढचा धक्का आणखी मोठा द्यावा लागतो. हावेची भीती मात्र दुसऱ्यांदा पाहताना आणखी खोल जाते, कारण आता ती आपल्याच पोटात आहे हे आपल्याला ठाऊक असतं.

निर्मात्यांची बाजू मला कळते. भयपट हा गरीब निर्मात्याचा प्रकार. मोठा नट परवडत नाही, पोस्टरवर दाखवायला चेहरा नाही. ट्रेलर हाच हिरो. त्यातून मराठी भयपट असेल तर शो मिळतानाच नाकी नऊ येतात. पहिल्या आठवड्यात गर्दी झाली नाही तर सोमवारी सकाळी नऊचा खेळ पदरात पडतो. अशा माणसाला "जरा हळू बोल" म्हणणं सोपं नाही. पण सगळेच गल्लीच्या तोंडाशी भोंगा लावून बसले की कुणाचंच ऐकू येत नाही, हे भाजीवाल्यालाही कळतं. शिवाय ज्याला कानाखाली वाजली तो गिऱ्हाईक होतोच असं नाही. आईबरोबरच्या त्या बायकांपैकी एकीनंही तो चित्रपट पाहिला असेल असं मला वाटत नाही.

थिएटरात निदान काहीतरी नियम आहेत. मोबाइलवर तेवढेही नाहीत. यूट्यूबवर टाकलेल्या ट्रेलरला मंडळाचं प्रमाणपत्र लागत नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये ‘द नन’ या भयपटाची काही सेकंदांची जाहिरात आली होती. सुरुवातीला पडद्यावर फोनचा आवाज कमी होत असल्याची खूण दिसायची, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं आपला आवाज बंद झाला. आणि मग थेट किंचाळणारं तोंड. आईनं बिचारीनं आपणहून जे केलं, ते लोकांनी करावं म्हणून रचलेला हा सापळा. तक्रारी झाल्या आणि यूट्यूबनं आपल्याच धोरणावर बोट ठेवून ती काढून टाकली. म्हणजे करायचं ठरवलं तर करता येतं. पण सकाळच्या ८.१२ च्या लोकलमध्ये, इयरफोन न लावता रील बघणाऱ्याच्या फोनमधून अख्ख्या डब्यात ती किंकाळी फुटते तेव्हा कुणाचं धोरण आणि कुणाचं बोट? चौथ्या सीटवर टेकलेली, रात्रपाळी करून निघालेली नर्स झोपेतून खाडकन उठते आणि सगळे तिच्याकडे बघून हसतात.

माझी मागणी फार मोठी नाही. मूळ चित्रपट ज्या वयोगटाचा, ट्रेलर त्याच किंवा त्याखालच्या वयोगटाचा असावा; ७ वर्षांवरील मुलांच्या चित्रपटाला १६ वर्षांवरील वयोगटाचा ट्रेलर जोडायचा नाही, आणि याची जबाबदारी खेळ लावणाऱ्या थिएटरची. प्रमाणपत्र देताना ट्रेलर डोळ्यांबरोबर कानांनीही तपासावा. सरासरी नको, चढ मोजा: शांततेतून सर्वांत मोठ्या आवाजापर्यंत किती वेळात किती उडी. ती उडी ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त असेल तर तो ट्रेलर भयपटाआधीच लागेल, इतरत्र नाही. निर्मात्याचं एका फ्रेमचंही नुकसान नाही, उलट त्याला हवा असलेला प्रेक्षकच समोर बसलेला असेल. आणि मोबाइलवर जी जाहिरात टाळून पुढे जाता येत नाही, तिच्यात असा धक्का नको. जाहिरातींच्या स्वयंनियमनासाठी १९८५ पासून मुंबईत परिषद आहे. ट्रेलर ही प्रसिद्धीच आहे असं सर्वोच्च न्यायालयच म्हणत असेल, तर तिनं यात लक्ष घालायला हरकत नसावी.

तोवर आईनं स्वतःचा उपाय काढला आहे. आता थिएटरात बसल्या बसल्या ती दोन्ही यंत्रं काढते, रुमालात गुंडाळते आणि रुमाल मुठीत धरून पडद्यावरच्या मुक्या जाहिराती मजेत बघते. चित्रपट सुरू झाला की मी तिच्या मनगटाला हात लावून खूण करायची असं ठरलंय. मागच्या वेळी मीच पडद्यात गुंगलो आणि विसरलो. नावं येऊन गेली, पहिलं गाणं संपत आलं, तेव्हा कोपरानं ढोसून तिनं विचारलं, "गेलं का रे भूत?"